दीड पौंडाला एक नोंद: स्कॉटलंड्सपीपलवर सासरचा सैनिक शोधताना

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. स्कॉटलंडमधल्या पूर्वजांचा माग काढायचा असेल तर स्कॉटलंड्सपीपल या साइटला पर्याय नाही. पैसे घालायचेच असतील तर तिथेच घाला. मात्र तुमचा माणूस सैनिक असेल आणि तरुणपणीच देश सोडून गेलेला असेल, तर त्याचंच नाव टाकून रात्री जागवू नका. त्याची मागे राहिलेली बहीण शोधा. भाऊ असेल तर भाऊ.

मी मूळची खडकीची. लग्नानंतर ऑकलंडला आले, आता शहराच्या पूर्वेला पाकुरांगाला राहते. घरापासून जवळच हाऊइकचं ऐतिहासिक खेडं आहे. जुनी लाकडी घरं, चुलीवर पाव भाजून दाखवणाऱ्या बायका, शाळांच्या सहली. ते सगळं ज्या फेन्सिबल लोकांच्या आठवणीसाठी उभारलंय, त्यांतलाच एक माझ्या नवऱ्याचा मूळ पुरुष. फेन्सिबल म्हणजे ब्रिटिश फौजेतून पेन्शनीत निघालेले सैनिक. १८४७ ते १८५२ या काळात त्यांना बायकापोरांसह जहाजांनी इथे आणलं आणि ऑकलंडच्या दक्षिणेला-पूर्वेला ओनेहुंगा, ओटाहुहू, पॅनम्युअर आणि हाऊइक इथे वसवलं. शहराभोवती राखण हवी होती, आणि पूर्ण पगाराची पलटण ठेवण्यापेक्षा पेन्शनर स्वस्त. बोली अशी, की सात वर्षं राहायचं, दर रविवारी हत्यारांसह चर्चच्या परेडला हजर व्हायचं, गरज पडली तर लढायचं. बदल्यात दोन खोल्यांचं घर आणि एकरभर जमीन. तिथे आधीपासून असलेल्या माओरींना या सगळ्याचं काय वाटलं असेल हा प्रश्न सासरी फारसा कुणी विचारत नाही, पण तो या लेखाचा विषय नाही.

सासूबाईंकडे या पूर्वजाबद्दल तीन गोष्टी होत्या. एक, तो हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातला होता आणि हिंदुस्थानात लढला. दोन, तो कुठल्यातरी सरदाराचा धाकटा मुलगा, इस्टेट थोरल्याकडे गेली म्हणून फौजेत शिरला. तीन, दिवाणखान्यात लावलेली लाकडी ढाल. ही ढाल त्यांनी कधीतरी सहलीत एका भेटवस्तूंच्या दुकानातून आणली. तिच्यावर 'आमच्या घराण्याचं' कुलचिन्ह. स्कॉटलंडच्या कायद्यात असलं चिन्ह एका माणसाचं असतं, आडनावाचं नसतं, आणि ते देण्या-न देण्याचा अधिकार एडिनबरातल्या लॉर्ड लायनच्या कचेरीचा. म्हणजे त्या ढालीवर कुणाचंतरी चिन्ह असेल, सासूबाईंचं नक्कीच नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ढाल दिसायला छान आहे.

या माणसाला आपण डोनाल्ड म्हणू. आडनाव लिहीत नाही. रॉस-शायर परगण्यात डोळे मिटून दगड भिरकावला तर ज्याला लागेल त्याचं ते आडनाव असेल, इतकं सांगितलं तरी पुरे.

पहिली अडचण न्यूझीलंडमध्येच आली. डोनाल्ड इथे १८६८ साली वारला. इथल्या सरकारी मृत्यूच्या नोंदीत आई-बापांची नावं यायला लागली १८७६ पासून. त्याआधीच्या नोंदीत नाव, वय, धंदा, कारण, संपलं. नोंद मागवली, पैसे भरले, हाती काय आलं तर जे थडग्यावर फुकटात वाचता येतं तेच. इकडे नवऱ्याच्या चुलतबहिणीने एका मोठ्या वर्गणीवाल्या साइटवर वंशावळीचं झाड आधीच लावून ठेवलं होतं. त्या झाडावर आमचा डोनाल्ड एकाच वर्षी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात बाप होतो आणि श्रीलंकेत पहारा देतो. संगणकाने सुचवलेलं प्रत्येक पान तिने 'हो, हो' करत जोडलेलं. अशा झाडांपासून चार हात लांब राहा, एवढाच सल्ला देते.

सैनिकाचा खरा कागद लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतो. डब्ल्यूओ ९७ नावाची मालिका आहे, चेल्सीच्या पेन्शनरांची, म्हणजे लंडनच्या चेल्सी इथल्या लष्करी रुग्णालयामार्फत पेन्शन मिळणाऱ्या सैनिकांची डिस्चार्जची कागदपत्रं. फाइंडमायपास्ट या साइटवर ती स्कॅन करून ठेवलेली आहेत, थोड्या दिवसांची वर्गणी घेतली तरी काम होतं. १८८३ पूर्वीच्या काळातली ही कागदपत्रं मुळात पेन्शन मिळवून सुटलेल्यांचीच आहेत. फौजेतच मेला, पळून गेला किंवा पैसे भरून सुटला, त्याचा कागद इथे शोधू नये. फेन्सिबल मात्र सगळे पेन्शनर, त्यामुळे आमची आशा खरी ठरली.

हा छापील फॉर्म वाचायला मला फार आवडला. 'अमुक पॅरिशमध्ये, तमुक गावी किंवा त्याच्या आसपास, अमुक परगण्यात जन्मलेला' असं छापलेलं आणि रिकाम्या जागा कारकुनाने शाईने भरलेल्या. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. आमच्या डोनाल्डची पॅरिश किनकार्डिन, गाव टेन, परगणा रॉस. धंदा मजूर. उंची पाच फूट सात इंच, केस तांबूस, डोळे करडे. पलटण ७८ वी हायलँडर्स, म्हणजेच 'रॉस-शायर बफ्स'. वर्तन चांगलं. सोडण्याचं कारण, सिंधमधल्या तापाने शरीर खंगलं. सरदाराचा मुलगा असल्याचा उल्लेख अर्थातच कुठे नाही.

परगण्याचं नाव नीट बघून घ्या, कारण किनकार्डिन स्कॉटलंडमध्ये उदंड झाली आहेत. किनकार्डिनशायर नावाचा अख्खा परगणा आहे, फोर्थ नदीकाठी एक गाव आहे, पर्थशायरमध्ये एक पॅरिश आहे, ॲबरडीनशायरमध्ये किनकार्डिन ओनील आहे. चुलतबहिणीचं झाड यांतल्याच एकात जाऊन रुजलं होतं.

ही ७८ वी पलटण १८४२ च्या पावसाळ्यात मुंबईला उतरली आणि तिथून पुण्याला गेली. फोनवर बाबांना हे सांगितलं, तर पलीकडून लगेच, "म्हणजे जावईबापू आपल्याकडचेच की गं!" बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, लष्करी इतिहासाची आवड, त्यामुळे पुढचं त्यांनीच मला ऐकवलं. हीच पलटण १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली, आणि तेव्हापासून तिच्या चिन्हात हत्ती आहे. पुण्याहून ती पुढे सिंधमध्ये गेली आणि सप्टेंबर १८४४ ते मार्च १८४५ या सहा महिन्यांत सक्कर भागातल्या तापाने तिथे शेकडो माणसं मेली, बायका-मुलांसकट. एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये त्यांचा स्मृतिफलक आहे. आमचा डोनाल्ड त्यातून वाचला, म्हणून माझं लग्न झालं असं बाबांचं म्हणणं.

आता मुख्य दुकान. स्कॉटलंड्सपीपल ही नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी खात्याची साइट. नाव नोंदवणं फुकट, सूचीत शोधणं फुकट. मूळ पानाचा फोटो उघडायचा तर क्रेडिट लागतात. मी घेतली तेव्हा ३० क्रेडिट साडेसात पौंडांना होती आणि जन्म-लग्न-मृत्यूची एक नोंद उघडायला सहा लागत. म्हणजे दीड पौंडाला एक. एकदा उघडलेलं पान खात्यात जमा राहतं, पुन्हा बघायला पैसे पडत नाहीत. महिन्याची वर्गणी नाही, चाचणीच्या नावाखाली कार्ड अडकवून ठेवणं नाही. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्याय गाव-आडनाव विचारून वही उघडतात, तसलाच हा व्यवहार, फक्त दक्षिणा आधीच ठरलेली.

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. पूर्वजाचं नाव टाकलं, यादीत त्या नावाचे चाळीस निघाले, की माणूस एकेक उघडत सुटतो. डोनाल्ड हे नाव तिकडे आपल्या गणपतसारखं घरटी एक. त्यात लष्करी कारकुनाने डोनाल्डचा डॅनियल केलेला असू शकतो. आणि मुख्य म्हणजे स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ ला. आमचा गडी त्याच्या कितीतरी आधी देश सोडून गेलेला. लग्न परदेशात, मरण परदेशात. साइटवर लष्करी ठाण्यांमधल्या जन्म-लग्न-मृत्यूंच्या नोंदी आहेत, पण त्या १८८१ पासूनच्या. त्याच्यासाठी साइटवर जवळजवळ काहीच नाही.

जे मागे राहिले त्यांच्यासाठी मात्र सगळं आहे. १८५५ नंतरच्या स्कॉटिश मृत्यूच्या नोंदीत मेलेल्याच्या बापाचं नाव, त्याचा धंदा, आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव, एवढं सगळं असतं. मेलेला माणूस ऐंशी वर्षांचा असला तरीही. म्हणजे १८६७ साली वारलेल्या बहिणीच्या एका नोंदीतून अठराव्या शतकात लग्न झालेलं जोडपं नावानिशी समोर येतं. शिवाय तिथे लग्न झालेल्या बाईला सूचीत माहेरच्या आडनावानेही शोधता येतं. सासरचं आडनाव माहीत नसलं तरी अडत नाही. आपल्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत होती. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आज घरात कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे हे पाहून मला जरा हेवाच वाटला.

आमच्या हाती धागा होता तो सासूबाईंकडच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावरचा. 'बहीण क्रिश्चन, एडर्टन.' क्रिश्चन हे तिकडे बाईचं नाव, हे कळेपर्यंत घरात सगळे तो धार्मिक मजकूर समजत होते. एडर्टन ही किनकार्डिनला लागूनच असलेली पॅरिश. मृत्यूची सूची उघडली, नाव क्रिश्चन, आडनाव माहेरचं, जिल्हा एडर्टन, १८५५ ते १८७५. निकाल इतके थोडे की वयावरूनच एक निवडता आला.

सहा क्रेडिट दिले, पान उघडलं. एका पानावर तीन नोंदी असतात, त्यामुळे दीड पौंडात आणखी दोन अनोळखी मरणं पदरात पडतात. वरची एका दीड वर्षाच्या पोराची, डांग्या खोकल्याने. मधली आमची. विधवा. नवरा क्रॉफ्टर, म्हणजे खंडाने थोडी जमीन कसणारा. वडील क्रॉफ्टर, मयत. आई, माहेरच्या आडनावासह, मयत. मृत्यूचं कारण वार्धक्य, आणि त्याखाली 'डॉक्टर नव्हता'. खबर देणारा मुलगा, हजर होता, सही येत नाही म्हणून फुली मारलेली आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना रजिस्ट्रारने 'त्याची' 'खूण' असं लिहिलेलं. ती फुली चांगली ठळक आहे, टाक दाबून काढलेली.

सरदार गेले, क्रॉफ्टर आले. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पान पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपणही भाड्यानेच राहत होतो." त्यांनी ते फार लवकर स्वीकारलं, मीच उगाच घाबरत होते.

आई-बापांची जोडी मिळाली की पुढचं सोपं. १८५५ पूर्वीच्या चर्चच्या जुन्या पॅरिश नोंदी याच साइटवर आहेत. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरलची, १५५३ ची. पण ते वर्ष वाचून हुरळून जाऊ नका. हायलँड्समधल्या कित्येक पॅरिशच्या वह्या फार उशिरा सुरू होतात, मध्ये पानं नाहीत, आणि बारशाची नोंद करणं सगळ्यांना जमतही नसे. १८४३ साली चर्चमध्ये मोठी फूट पडली, हायलँड्समधले बहुतेक लोक वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चकडे गेले, तेव्हापासून तर या वह्या आणखी ओस. आमचं नशीब बरं. आई-बाप दोघांचीही नावं टाकून किनकार्डिनमध्ये शोधलं तर भावंडांची ओळ लागली, त्यात डोनाल्ड १८०६ चा. डिस्चार्जच्या कागदावरून हिशेब केला तर तो एक वर्षाने धाकटा निघतो. भरतीच्या वेळी सांगितलेलं वय कुणी तपासत नसे, तेव्हा वर्ष-दोन वर्षांचा फरक धरून चालावं.

त्यानंतर जनगणना. १८४१ ते १९२१ पर्यंतच्या इथे आहेत. १८४१ ची यांतली पहिली म्हणून अर्धीकच्ची, पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढलेली आणि नातं लिहिलेलंच नाही. त्यात डोनाल्डची आई सापडली, वय '६५', राहणार ग्लेनकॅल्व्ही.

ज्यांना हायलँड्सचा इतिहास माहीत आहे त्यांना हे नाव वाचूनच कळलं असेल. मला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नव्हतं. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्हीच्या खोऱ्यातून मेंढरांच्या कुरणासाठी सगळी कुळं उठवली. जायला जागा नव्हती म्हणून ही माणसं क्रॉइकच्या छोट्या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मध्ये, कापडं ताणून राहिली. आत शिरली नाहीत. बाहेरून खिडकीच्या काचांवर त्यांनी टोकदार काहीतरी घेऊन लिहून ठेवलं, ते आजही वाचता येतं. 'ग्लेनकॅल्व्हीचे लोक इथे चर्चच्या आवारात होते, २४ मे १८४५.' आणखी एका काचेवर स्वतःबद्दलच 'दुष्ट पिढी' असं लिहिलंय. आपल्या पापाचीच ही शिक्षा असं त्यांना वाटत होतं, की कुणीतरी तसं वाटायला लावलं होतं, ठरवणं कठीण आहे. लंडनच्या टाइम्सने बातमीदार पाठवला होता, म्हणून बाहेर कळलं तरी.

त्याच वसंतात डोनाल्डची पलटण सिंधमधून माणसं पुरून परतत होती. पलटणीच्या नावात रॉस-शायर, आणि रॉस-शायरमध्ये त्याच्या आईचं घर उतरवलं जात होतं. १८५१ च्या जनगणनेत ती एडर्टनला क्रिश्चनच्या घरी आहे, धंद्याच्या रकान्यात 'पॉपर', म्हणजे पॅरिशच्या मदतीवर जगणारी. १८५५ नंतरच्या मृत्यूंत ती नाही, म्हणजे मधल्या चार वर्षांत गेली असणार. तेव्हा डोनाल्ड पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एकरभर जमिनीवर बटाटे लावत होता. ती जमीन कुणाची होती, हा प्रश्न इथे नवऱ्याने स्वतःहून विचारला.

हे सगळं चार-पाच पानांच्या खर्चात झालं, म्हणजे क्रेडिटच्या एकाच पाकिटात. म्हणून म्हणते, आधी कागदावर मांडणी करा, फुकटची सूची हवी तितकी चाळा, आणि एकच निकाल उरला की मग पैसे टाका. शोधताना 'नावाचे पर्याय' हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर आडनावाआधी लागणारं मॅक आणि त्याचं संक्षिप्त रूप यांच्यात गुंतून पडाल. नावं ठेवायची पद्धतही कामाला येते. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. सगळे पाळत नसत, पण पुष्कळ पाळत.

चर्चच्या पंचायतीच्या, म्हणजे कर्क सेशनच्या वह्यासुद्धा साइटवर आहेत आणि वाचायला फुकट. लग्नाआधी पोर झालं, रविवारी दारू पिऊन भांडण केलं, शेजारणीला शिवी दिली, सगळी चौकशी तारीखवार. पण त्यांना नावांची सूची नाही, पान-पान उलटत बसावं लागतं आणि जुनं हस्ताक्षर डोळ्यांत पाणी आणतं. वेळ असेल तरच.

एडिनबराला जाणार असाल तर जनरल रजिस्टर हाउसमधल्या वाचनालयात दिवसाचे पैसे भरून (मी गेले तेव्हा १५ पौंड) हवी तितकी पानं बघता येतात. जागा आधी राखून ठेवा, आणि सगळी प्रश्नांची यादी घरून करून न्या. सासूबाईंना घेऊन गेले होते. रॉबर्ट ॲडमची इमारत आहे, वर घुमट, खाली पेन्सिलींची खुसखुस. दाराबाहेर घोड्यावर बसलेला पुतळा आहे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, म्हणजे असईच्या लढाईत डोनाल्डच्या पलटणीचा सेनापती असलेला आर्थर वेलस्ली. त्याचा फोटो बाबांना पाठवला, त्यावर त्यांचं उत्तर छापण्यासारखं नाही. किल्ल्यासमोरच्या मैदानात ७८ व्या पलटणीचा दगडी क्रूस आहे, तिच्या हत्तीसकट, तोही बघून या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा तारा कापला तो एवढ्यासाठी, की सैनिकाचा माग लंडनच्या कागदांशी जोडल्याशिवाय पुरा होत नाही आणि नवख्याला हे साइटवर आपणहून उमगत नाही. डोनाल्ड कुठल्या महिन्यात पुण्यात होता हे हजेरीपटांत मिळेल, पण ते क्यूलाच जाऊन बघावे लागतात किंवा तिथल्या एखाद्या संशोधकाला पैसे देऊन बघून घ्यावे लागतात. बाबांनी त्याचे पैसे स्वतः द्यायची तयारी दाखवलीय.

आता सासूबाईंना त्यांच्या आईकडची बाजू हवी आहे. ती आयर्लंडमधल्या कॉर्कची. तिथल्या सरकारी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी फुकट दिसतात, पण १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक पानं १९२२ साली डब्लिनमधल्या स्फोटात आणि आगीत गेली. दीड पौंड हातात घेऊन उभं राहिलं तरी कुणी दाखवणार नाही.